हाड म्हणजे ये

आमच्या घरात कुणी मटण खात नव्हतं. आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूच्या, गळ्यात तुळशीची माळ होती आणि त्या माळेच्या धाकानं अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं मी कधी बघितलं नाही. त्यामुळं आमच्या कुत्र्यानं जन्मात खरं हाड चाखलेलं नव्हतं. त्याच्या लेखी हाड म्हणजे भाकरी. हे ऐकलं की लोक हसतात. हसा बापडे. पण त्या एका शब्दापायी ते जिवानिशी जात होतं, म्हणून पहिल्यापासून नीट सांगते.

माझं माहेर पिंगळीचं. रुळाला लागून घर, माणसांची सारखी ये-जा, दारात कायम एखाददुसरं कुत्रं. माझे वडील 'यु यु' करून कुत्र्याला बोलवायचे आणि जेवणातला शेवटचा घास त्याच्यासाठी हातात धरूनच उठायचे. लग्न होऊन मी जिंतूरच्या पुढं, येलदरीकडच्या गावात आले, तर इथं कुत्र्याचं नाव काढायची सोय नव्हती. आत्याबाईंचा गल्लीत दरारा असा, की कुणाच्या ओसरीवर कुत्रं बसलेलं दिसलं तर त्या रस्त्यातून त्या घरच्या बाईला ऐकवायच्या, की बाई गं, कुत्र्याच्या पंगतीला बसून जेवता की काय तुम्ही. त्या येताना दिसल्या की शेजारणी आपापली कुत्री हाकलायच्या. मी नवी सून, मी कशाला तोंड उघडते.

समोरचं घर कोयत्यावर जाणारं होतं. दिवाळी झाली की दाराला कुलूप, ट्रकमध्ये भांडी, लेकरं, शेळी, कोंबड्या, आणि सगळं घर ऊस तोडायला रवाना. त्या वर्षी त्यांची कुत्री ट्रकमागं पळत सुटली, तर पुढं कुणीतरी तिला वर ओढून घेतलं म्हणे. पिल्लू मात्र कापसाच्या पऱ्हाट्यांच्या गंजीमागं झोपलेलं राहिलं. ते उठून बाहेर आलं तेव्हा ट्रक कधीच गेला होता. बदामी रंगाचं, एक कान उभा आणि एक पडलेला. दिवसभर त्या कुलपापुढं बसून राहायचं आणि पोटात आग पडली की आमच्या दारात यायचं.

पहिल्यांदा आलं तेव्हा आत्याबाई चुलीपुढून ओरडल्या, "हाड!" गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जावं असं. आणि त्याच वेळी त्यांचा हात पदराखालून बाहेर आला आणि भाकरीचा कुटका दाराबाहेर जाऊन पडला. मला वाटलं, हातून निसटला असेल. दुसऱ्या दिवशी पण निसटला. पुढं मी नीट बघितलं, तर निसटलेल्या कुटक्याला दूध लावलेलं असायचं. आता बोला.

असं रोज चाललं. ओरडणं गल्लीसाठी, भाकरी पिल्लासाठी. शेजारीण अंगणात असली की आवाज चढायचा, "हाड मेल्या, लाज न्हाई तुला," आणि आवाज चढला की कुटकापण मोठा, बहुतेक मनातली भरपाई असावी. पिल्लाला मराठी कुठं येतंय? त्याला एवढंच कळलं की ही बाई 'हाड' म्हणाली की भाकरी पडते. ते शब्द ऐकून शेपूट हलवत पळत यायचं, पुढ्यात बसायचं आणि लाळ गाळायचं. महिन्याभरात असं झालं की भाकरी दिसायची गरजच उरली नाही, नुसतं 'हाड' ऐकलं तरी त्याच्या जिभेवरून धार लागायची. आत्याबाई चारचौघात म्हणायच्या, "कोडगं हाय मेलं, हाकललं की जास्तच जवळ येतंय." गल्लीला ते पटायचं. खरं काय ते फक्त मला माहीत होतं, आणि मी आपली पीठ मळत गप्प.

मी त्याला माहेरच्यासारखं 'यु यु' करून बघितलं. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की ही बाई कोण, हिला काही होतंय की काय. 'ये' म्हटलं, चुटकी वाजवली, काही नाही. मग इकडं तिकडं बघून हळूच 'हाड' म्हटलं, तर उडी मारून आलं आणि माझ्या साडीवर दोन पाय उमटवून मोकळं झालं.

एकदा माझ्या नणंदेला बघायला पाहुणे आले. ओसरीवर सतरंजी, चहा, पोहे, सगळा थाट. मुलाचे मामा पांढरंशुभ्र धोतर नेसून बसलेले. कुत्रं पायरीशी आलं, मामा म्हणाले हाड. ते लगेच सतरंजीवर जाऊन त्यांच्यासमोर बसलं. त्यांनी मोठ्यानं म्हटलं, ते आणखी सरकलं. त्यांनी हात उगारून म्हटलं, तर त्यानं पुढचा पाय त्यांच्या मांडीवर ठेवला आणि लाळेचा एक थेंब बरोबर धोतरावर. आतून आत्याबाई ओरडल्या हाड, तर ते आत पळालं. मामा बाहेरून ओरडले, की परत बाहेर. असं त्याचं किती वेळ मागं-पुढं चाललं होतं आणि मी आत पदराचा बोळा तोंडात कोंबून बसले होते. सोयरीक काही जमली नाही. नणंदेला मुलगा पसंतच नव्हता, ती पुढं कित्येक दिवस त्या कुत्र्याला चोरून गूळ चारत होती.

खोटं कशाला बोलू, मला त्या घरात आधी त्या कुत्र्याचीच सोबत वाटली. भांडी घासायला मागं बसले की ते येऊन माझ्याकडं पाठ करून बसायचं. मला राग यायचा, की एवढं खरवडून देते आणि हे तोंड फिरवून बसतंय. बऱ्याच दिवसांनी कळलं, की ते माझ्यावर रुसलेलं नाही. माझ्याकडून त्याला भीती नाही म्हणून पाठ माझ्याकडं, आणि जिकडून कुणी येऊ शकतं तिकडं तोंड. राखण करत होतं ते माझी. आत्याबाई रागावल्या की ते मोठी जांभई द्यायचं. त्या आणखी चिडायच्या, की मी इथं बोलायलेय आणि हे जांभया द्यायलंय. तो माज नव्हता. त्याचा जीव घाबरला की जांभई यायची, मला परीक्षेच्या आधी यायची तशीच.

त्याचं जग सगळं नाकात होतं. सासरे बाजारातून आले की ते आधी त्यांच्या पायाला हुंगायचं, मग पिशवीला, मग परत पायाला, म्हणजे आपण कपबशी हातात घेऊन 'काय मग, काय विशेष' विचारतो ना, तसं. ते कुठल्या रस्त्यानं आले, कुणाच्या बैलाला हात लावला, कुठं थांबून तंबाखू मळली, सगळं त्याला त्या पायांवरून कळत असणार. त्याच्याशी खोटं बोलायची सोयच नव्हती. शब्दांची किंमत त्याला फार नव्हती. हात काय करतो, पाय कुठं वळतात, अंगाला वास कशाचा येतो, यावर त्याचा भरवसा.

मी मात्र शब्दांवर जाणारी बाई. आत्याबाई मला म्हणायच्या, "जेवायचं असंल तर जेवा, न्हाई तर ऱ्हावा तशाच." मी न्हाणीत जाऊन रडायचे. ताप आला तर म्हणाल्या, "झोपा, महाराणीसारखं झोपा, काम करायला आमी हाव की." मी त्या तापातच उठून झाडलोट केली, तर आणखी बोलणी खाल्ली. एके दिवशी सगळ्यांची ताटं वाढलेली होती आणि माझं ताट उचललं तर भाताखाली तूप. वर नाही, खाली. कुणाला दिसू नये म्हणून खाली घातलेलं. मी दारातल्या कुत्र्याकडं बघितलं. त्याला हे पहिल्या दिवशी कळलं होतं, मला वर्ष लागलं.

ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. परभणीत काही झालं की जिंतूरची एसटी बंद, आणि एसटी बंद म्हणजे दवाखाना, पेपर, बाजार, सगळंच बंद. पारावर बसणारी माणसं दोन बाजूला बसायला लागली होती. माणसांनी माणसांना हाडतूड केल्याच्या, घरं जाळल्याच्या बातम्या कानावर यायच्या आणि संध्याकाळ झाली की दारं लवकर लागायची. अशातच एका सकाळी धरणाकडून एक पिसाळलेलं कुत्रं गावात शिरलं. एका वासराचा गळा फाडला, खालच्या गल्लीतल्या एका माणसाला पोटरीला चावलं. ओढ्याजवळ लोकांनी त्याला मारलं, पण तोपर्यंत ते सगळ्या गल्ल्यांतून फिरून गेलेलं होतं. चावलेल्या माणसाला पोटातली इंजेक्शनं घ्यायला न्यायचं, तर एसटी नाही. माझे सासरे आणि आमचे हे त्याला बैलगाडीत घालून जिंतूरला निघाले.

गावाला धसका बसला, आणि तो खोटा नव्हता. आता कुणाला चावलं तर न्यायचं कसं? वेशीत ठरलं, की ज्यानं त्यानं आपलं कुत्रं बांधून ठेवायचं आणि मोकळं दिसेल त्याला काठीनं संपवायचं. आत्याबाई तडक घरी आल्या, आमच्या कुत्र्याला बैलाच्या दाव्यानं गोठ्यात बांधलं आणि दाराला कडी घातली. वासरू तडफडून मेल्यावर त्या रात्री गल्लीत चूल कुणाची धड पेटली नाही. कुत्र्याला भाकरी घालायची त्या गडबडीत राहून गेली.

दुसऱ्या दिवशी मी वेशीतल्या हापशावर पाण्याला गेले. वेशीत माणसं काठ्या घेऊन उभी होती. माझी घागर भरत आली आणि मागून ओरडा ऐकला. बघते तर आमचं कुत्रं. गळ्यात कुरतडलेल्या दाव्याचा तुकडा लोंबतोय, पाठीला गोठ्याच्या कुडाखालची माती, आणि ते उपाशी पोटी माझ्या मागावर आलंय.

पुढच्या माणसानं काठी उचलून म्हटलं, हाड.

त्याचे कान उभे राहिले, पडका कानसुद्धा. शेपूट हलली आणि ते सरळ त्याच्याकडं निघालं. तो माणूस मागं सरकला. मग सगळेच ओरडायला लागले, हाड, हाड, हाड. एवढी सगळी माणसं एकदम भाकरी द्यायला बोलवतात म्हटल्यावर ते बिचारं पळत सुटलं. तोंडातून लाळेची धार. "लाळ बघा, लाळ गळायली," कुणीतरी म्हणालं. "हाकललं तर अंगावर यायलंय. पिसाळलंच हाय."

पहिली काठी त्याच्या मागच्या पायावर बसली. ते कळवळून बाजूला झालं, लंगडत थोडं लांब गेलं. तेवढ्यानं सुटलं असतं. पण लोक भ्यालेले, परत ओरडले, हाड. आणि ते परत वळलं. तीन पायांवर. शेपूट खाली, पण हलतेय. मारलं कशाला हे त्याला कळत नव्हतं, पण बोलवलं म्हणून यायचं एवढं कळत होतं.

मी पदर डोक्यावर ओढून तिथं उभी. वेशीत गावातल्या थोरल्यांपुढं सुनेनं तोंड उघडायची रीत नव्हती, आणि मला स्वतःचीच चीड आली. घागर तशीच टाकून घराकडं पळाले. आत्याबाई परातीपुढं बसलेल्या, दोन्ही हात पिठात. मी म्हटलं, "आत्याबाई, वेशीत त्याला मारायलेत. हाड म्हणून म्हणून मारायलेत." त्या तशाच पिठाच्या हातानं उठल्या आणि अनवाणी पळत सुटल्या. जिला मी देवळातसुद्धा घाईनं जाताना बघितलं नव्हतं ती बाई भर गल्लीतून पळत होती आणि शेजारणी दारात येऊन बघत होत्या.

वेशीत तोपर्यंत कुत्र्याला भिंतीच्या कोपऱ्यात घेतलं होतं. आत्याबाई माणसांना बाजूला सारत मधे गेल्या. एकानं त्यांचा दंड धरला, वहिनी मागं व्हा म्हणाला. त्यांनी दंड सोडवून घेतला.

"हाड म्हणू नका त्याला. त्याला हाड म्हणजे ये वाटतंय."

कुणाला पटेना. एक थोरले गृहस्थ म्हणाले, वहिनी, असं कुठं असतं का? आणि त्याला हे शिकवलं तरी कुणी? तुम्ही तर दारात कुत्रं उभं राहू देत नाही, सगळ्या गावाला माहीत आहे. मागोमाग आलेल्या शेजारणींपैकी कुणीतरी हूं म्हणालं. आत्याबाईंचा चेहरा मी बघत होते. गल्लीतल्या एकेका बाईला त्यांनी ज्या गोष्टीवरून बोलून घेतलं होतं, तीच गोष्ट आता सगळ्यांसमोर कबूल करायची होती. त्या गप्प राहिल्या असत्या तर एका काठीत काम संपलं असतं आणि त्यांची अब्रू जिथल्या तिथं राहिली असती.

"म्या शिकवलं," त्या म्हणाल्या. "तुमाला ऐकू जावं म्हणून हाड म्हणते, अन् भाकर घालते. रोज घालते. माझं कुत्रं हाय ते."

मग त्यांनी सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. तिथंच धुळीत बसल्या आणि हळू, झोपलेल्या लेकराजवळ बोलतात तेवढ्या आवाजात म्हणाल्या, हाड. ते कोपऱ्यातून निघालं. काठ्या वर होत्या, त्याच्या अंगाचं कापरं दिसत होतं, तरी आलं. आत्याबाईंच्या हातावरचं पीठ चाटायला लागलं, बोटांच्या फटीतून, नखांच्या कडेनं.

पिसाळलेलं जनावर मालकाला ओळखतं, एक जण म्हणाला, पण पाण्याला भितं. त्याचं बरोबर होतं, आमच्याकडं तीच पारख. तेव्हा मी काय केलं मला नीट आठवत नाही, पण हापशाखालची घागर कमरेवर घेऊन मी त्या पुरुषांच्या मधून गेले आणि आत्याबाईंच्या ओंजळीत पाणी ओतलं. ते लपलप प्यायलं. ओंजळ संपली, परत ओतलं, परत प्यायलं. अर्धी घागर झाली तसा पहिल्या माणसानं काठी भिंतीला टेकवली. नंतर बाकीच्यांनी.

ते वाचलं, हे आत्ताच सांगून टाकते, उगीच कुणाचा जीव टांगणीला नको. पाय थोडा वाकडा राहिला, पण लय वर्षं जगलं. मात्र गावानं अट घातली, की भीती सरेपर्यंत त्याला शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे तिथल्या छपरात, साखळीनं बांधून ठेवायचं आणि जिम्मा आत्याबाईंनी घ्यायचा. त्यांनी घेतला. त्या दुपारीच त्याला घरच्या घोंगडीत गुंडाळून आखाड्यावर नेलं, पायाला हळद-तेल बांधलं आणि तिथंच लिंबाखाली बसून राहिल्या.

दिवस मावळायच्या आधी मी त्यांचं जेवण घेऊन गेले. वाटेत शेजारणींनी मला थांबवून हसून घेतलं होतं, एकीनं तर विचारलं, तुमच्या कुत्र्याची पंगत कितीला बसते. मी उलट उत्तर देणार होते, पण आत्याबाई काय म्हणतील म्हणून गिळलं. बघते तर त्या लिंबाला टेकून बसलेल्या, कुत्र्याचं डोकं त्यांच्या मांडीवर. त्याला असा हात लावलेला मी पहिल्यांदाच बघत होते. मी भाकरीचं फडकं सोडलं, वांग्याचं कोरड्यास वाढलं. त्यांनी ताटाला हात लावला नाही. शेताकडं बघत बसल्या. कुत्र्याच्या कानावरून हात फिरवत म्हणाल्या, "पोरी, तुला बी लय हाडतूड केली म्या."

तूप खाली असतं ते मला माहीत आहे, असं म्हणणार होते. तेवढ्यात त्या शब्दातलं 'हाड' ऐकून कुत्र्यानं डोकं उचललं. तीन पायांवर धडपडत उठलं आणि आत्याबाईंच्या पुढ्यात बसून त्यांच्याकडं बघायला लागलं. आत्याबाईंनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. त्या घरात आल्यापासून मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. मी ताटातली भाकरी मोडली, एक कुटका त्याला घातला आणि दुसरा त्यांच्या हातात दिला. "खा आत्याबाई," मी म्हणाले, "सकाळपासून तुमी उपाशीच."